लाल खटका

स्पेअर पार्टच्या दुकानदाराने काउंटरवर फडकं पसरून तीन खटके ओळीने मांडले, तेव्हा काकूंचं बोट आपसूक सगळ्यांत मोठ्याकडे गेलं. मुठीएवढा काळा डबा आणि त्यावर लालभडक मूठ. फिरवली की आतून 'खट्ट' असा भरदार आवाज यायचा. त्याच्या शेजारचा दिसायला तसाच, फक्त पाठीला जाड बोल्टांच्या जोडीला दोन बारक्या पट्ट्या जास्त होत्या. तिसरा म्हणजे अगदीच खेळणं, बोटाच्या पेरापेक्षा लहान दांडीचा.

"हा," काकू म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे एक डोळा बारीक करून पाहिलं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली त्यांनी, त्यामुळे डोळ्याला भिंग नसलं तरी बघायची रीत तीच राहिली होती. "अगं, भाजी निवडतेस का? आधी तो काय सांगतो ते तर ऐक."

काकूंना ऐकायचं नव्हतं. त्यांना काहीतरी जाडजूड, लाल, लांबून दिसणारं हवं होतं. अडीअडचणीला धावून येणारा माणूस कसा अंगापिंडाने थोराड असावा असं वाटतं, तसं काहीसं. त्या मनातल्या मनात देवाचं नाव घेत होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. असं त्या गेला महिनाभर करत होत्या, जिथे असतील तिथे.

महिन्यापूर्वीच्या त्या दुपारी काका मागच्या आवारात बॉनेट उघडून इंजिनावर वाकले होते आणि काकूंना त्यांनी गाडीत बसवलं होतं. गाडी काकांच्या वडिलांच्या वेळची, गडद हिरवी, पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे. काकू तिला चेष्टेने सवत म्हणत. काम एवढंच होतं की काका सांगतील तेव्हा ॲक्सिलरेटर दाबायचा आणि सांगतील तेव्हा सोडायचा. काकूंनी दाबला, सोडला, दाबला. आणि पुढच्या वेळी सोडला तेव्हा पेडल वर आलंच नाही. इंजिन आधी गुरगुरलं, मग किंचाळायला लागलं. समोरची काच थरथरत होती, बॉनेटआडून काकांचा आवाज येत होता, किल्ली फिरव, किल्ली. काकूंनी किल्ली फिरवली. किल्ली फिरली आणि इंजिन तसंच ओरडत राहिलं. त्यांनी ती उलटसुलट फिरवली, बाहेर उपसून काढली, पण गाडीला त्याचं काही नव्हतं. जणू किल्ली शेजाऱ्याच्या गाडीची होती. शेवटी काकांनी कॉइलवरची जाड वायर नुसत्या हाताने उपटली. इंजिन गप्प झालं, आणि विजेचा झटका बसून काका मागच्या मागे फरशीवर पडले.

ते किती वेळ पडून होते कोण जाणे. काकू गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांच्या हातात किल्ली होती. एवढंच त्यांना पुढे आठवायचं. पडलेला नवरा आणि आपल्या हातातली किल्ली.

काका उठून बसले, हात झटकला, आणि पहिलं वाक्य काय बोलले, तर स्प्रिंग तुटली असणार. स्प्रिंगच तुटली होती. त्यांनी नवी बसवली. किल्लीचा स्विच उघडून साफ केला, पण आतले पितळी ओठ झिजून गेले होते, कधी सुटायचे, कधी चिकटून बसायचे. नवा स्विच मिळत नव्हता, आणि भलत्या गाडीचा लावायला काका तयार नव्हते. म्हणून मग ही खटक्याची गोष्ट निघाली. किल्लीने नाही ऐकलं तर खटक्याने ऐकेल, की झालं.

'की झालं' हे काकांचं. काकूंचं काहीच झालं नव्हतं. कारण रविवारी नात येणार होती. नातीचं नाव सगळ्यांच्या तोंडी चिमणी, आणि चिमणीला आजोबांनी कबूल केलं होतं की जुन्या गाडीतून तळ्यापर्यंत नेईन. तळ्याचा रस्ता म्हणजे सबंध उतार, खाली अरुंद पूल, आणि पुलाच्या तोंडाशी वळण.

नको म्हणणं सोपं होतं. लेकीला एक फोन केला असता तर तिने बापाला दोन शब्दांत गप्प केलं असतं. पण काकूंना गेल्या वर्षीचे काका आठवत. बोटांना कंप सुटला, केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्यातून निसटायला लागल्या, तेव्हा त्यांनी घड्याळांचं दुकान बंद केलं आणि ते खिडकीशी बसले. नुसते बसले. दाढी करेनात, जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणत. त्यांना तिथून उठवलं ते या सवतीनेच. हिचे नट-बोल्ट त्यांच्या बोटांना पेलत होते. आता ती हिसकावून घ्यायची म्हणजे माणसाला पुन्हा त्या खिडकीशी नेऊन बसवायचं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती हीच, आणि काकू काठावर उभ्या होत्या.

दुकानदार शांतपणे समजावत होता. या पहिल्याने बॅटरी तुटते. या दुसऱ्याने बॅटरी तुटते, शिवाय कॉइलची, म्हणजे इंजिनाच्या ठिणगीला वीज नेणारी वायरही तुटते. हा छोटा नुसती कॉइल तोडतो.

काकांनी छोटा लगेच बाजूला सारला, कारण त्याला डॅशबोर्डला भोक पाडावं लागणार होतं. दुसरा हातात घेऊन त्यांनी मागच्या पट्ट्या पाहिल्या. "याला कॉइलची वायर इथपर्यंत आणायची, म्हणजे मूळची वायर कापायची. कापडात विणलेली वायर आहे ती, माझ्या वडिलांच्या हातची. मी कापणार नाही."

"काका, तुमची डायनॅमोवाली ना? मग एक सांगतो," दुकानदार म्हणाला.

"हा लाल फिरवला की गाडी बंद पडेल ना? नक्की?" काकूंनी मध्येच विचारलं. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की दुकानदाराला वाकून ऐकावं लागलं.

"बॅटरी तोडतोच तो काकू. त्यात शंका नाही."

काकूंचा जीव भांड्यात पडला. काकांनी तोवर पहिला खटका फडक्यात गुंडाळलासुद्धा होता. दुकानदाराने सुरू केलेलं वाक्य तसंच राहिलं. बसवल्यावर एकदा नीट चालवून बघा, एवढं मात्र तो मागून म्हणाला, आणि बघतो बघतो म्हणत काका पायरी उतरले.

बॅटरी पुढच्या दोन सीटच्या मधल्या खणात होती, त्यामुळे खटका तिथेच बसला. चालवणाऱ्याचा डावा हात पोचेल आणि शेजारी बसणाऱ्याचा उजवा. काकांनी तो इतका सुबक बसवला की जन्मापासून तिथेच होता असं वाटावं. मग तपासणी. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, चौकटीला धरून, त्याहून पुढे पाय टाकायला तयार नव्हत्या.

इंजिन सुरू झालं. काका पेडल दाबायला गेले तशा काकू कळवळून म्हणाल्या, "अहो, वाढवू नका. हळूच राहू द्या. मला नाही ऐकवत तो आवाज."

"बरं बाई," काका म्हणाले. इंजिन मांजरीसारखं घुरघुरत राहिलं. त्यांनी लाल मूठ फिरवली. इंजिन एकदा खोकलं, गचकलं आणि थांबलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा फिरवली, पुन्हा थांबलं. काकांनी दरवाज्यातून हात बाहेर काढून नाटकातल्या राजासारखा हलवला. काकूंनी डोळे मिटून हात जोडले.

लेकीचा फोन आला तेव्हा काकूंनीच तिला सांगितलं की आता काळजी नाही, तुझ्या बाबांनी चांगला भक्कम खटका बसवलाय, मी डोळ्यांनी पाहिलाय. ते वाक्य तोंडातून गेलं आणि का कोण जाणे, काकू फोन हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या. पाहिलाय. काय पाहिलंय नेमकं?

पण तो विचार त्यांनी झटकला. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस, असं काका म्हणतच होते, आणि तेच खरं असेल असं त्यांनी मनाला समजावलं. मन काही समजेना. रोज पहाटे आंघोळ झाली की त्या प्रार्थनेला बसत. चहाचा घोटसुद्धा त्याआधी घ्यायचा नाही हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा नेम. आता त्या बसत, ओठ हलत, आणि मिटल्या डोळ्यांपुढे देव यायच्या ऐवजी तो उतार यायचा. पुलाचं वळण यायचं. मागच्या सीटवर चिमणी, तिचे पाय खाली न टेकणारे. काकू पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत, पुन्हा तेच. एकदा तर त्यांनी देवालाच विचारलं की बाबा रे, सांगायचं ते स्पष्ट सांग ना, मला नुसती भीती घालून काय उपयोग.

काकांना हे सांगितलं असतं तर त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. ते आता गाडीला मेण लावत होते, तोंडाने शीळ घालत होते. दाढी रोज होत होती. काकू त्यांच्याकडे खिडकीतून बघत आणि परत फिरत.

शनिवारी सकाळी काकू नेहमीसारख्या आपल्या लॉन्ड्रीत गेल्या. लॉन्ड्री त्यांची स्वतःची. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे पडदे, डोळ्यांत जाणारी वाफ, आणि कोपऱ्यात पिळणी यंत्र. ओले कपडे घालून फिरवलं की पाणी झाडून टाकणारा तो मोठा पोलादी ड्रम. ड्रम वेगात असताना त्यात हात गेला तर हात उरत नाही, म्हणून त्याला ब्रेक होता, आणि तो ब्रेक रोज कामाआधी तपासायचा ही काकूंची शिस्त. प्रार्थनेइतकीच पक्की.

मदतीला असलेल्या बाई त्या दिवशी घाईत होत्या. काकू आत येताना बाईंनी ड्रम फिरवला, ब्रेकचा दांडा ओढला, ड्रम थांबला. "लागतोय हो ब्रेक," त्या म्हणाल्या आणि चादरी उचलायला वळल्या.

काकू सहसा आवाज चढवत नसत. आत्ताही चढवला नाही. "ड्रम रिकामा होता ना बाई?"

"हो, मग?"

"रिकाम्या ड्रमवर ब्रेक लागला याला काय अर्थ आहे? रिकामा तर हाताने धरला तरी थांबेल. ओल्या चादरी भरा, पुरा वेग येऊ द्या, आणि मग ओढा. आपल्याला भीती भरल्या ड्रमाची आहे ना? मग तपासायचा..."

आणि काकू तिथेच थांबल्या. वाक्य तोंडात अर्धंच राहिलं. हातातली पिशवी हळूच खाली ठेवून त्या गाठोड्यावर बसल्या. बाई घाबरून पाणी घेऊन आल्या, चक्कर आली का विचारू लागल्या. काकूंनी मानेनेच नाही म्हटलं.

रिकामा ड्रम. त्यांनी रिकामा ड्रमच तपासला होता. मांजरीसारखी घुरघुरणारी गाडी थांबवून बघितली होती, आणि भीती तर किंचाळणाऱ्या गाडीची होती. आणि हळूच राहू द्या असं कोणी म्हटलं होतं? काकांनी नाही. काका तर पेडल दाबायलाच निघाले होते.

खटका का चालणार नाही हे काकूंना माहीत नव्हतं. चालणार नाहीच असंही त्यांना म्हणायचं नव्हतं. कदाचित चालेलही. पण हे 'कदाचित' उद्या सकाळी चिमणीला मागे बसवून उतारावर नेणार होतं.

त्या घरी आल्या तेव्हा काका गाडीच्या चाकांच्या टोप्या घासत होते. काकूंनी सांगितलं की परत तपासायचं, वेगात. काकांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि एकेक कारण काढायला लागले. दोनदा तपासून झालंय, आवाजाने शेजारी भांडायला येतील, आणि मुळात वीज तोडल्यावर ती गाडी चालणार कशावर, वाऱ्यावर? शेवटी म्हणाले की तूच कानावर हात ठेवतेस आणि तूच ओरडायला लाव म्हणतेस, माणसाने ऐकायचं तरी कोणाचं.

"माझं त्या दिवशीचं ऐकू नका. आजचं ऐका," काकू म्हणाल्या.

काका चिडले नाहीत, पण टोमणा त्यांना आवरला नाही. "ठीक आहे. मग पेडल तूच दाब. माझा विश्वास आहे, मला बघायची गरज नाही. ज्याला बघायचंय त्याने दाबावं."

त्यांना वाटलं, इथे संपलं. ही काही परत त्या सीटवर बसायची नाही. काकूंनाही क्षणभर तसंच वाटलं. मग त्यांनी चपला काढल्या, देवघरात जाताना काढाव्यात तशा, पदर खोचला, आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

आत तोच वास. पेट्रोल, जुनं कातडं, मेण. काकांना आता मागे हटता येईना. त्यांनी चाकांना विटा लावल्या, गिअर मोकळा आहे ना ते दोनदा हलवून पाहिलं, हँडब्रेक ओढला आणि शेजारच्या सीटवर येऊन बसले. त्यांचा हात लाल मुठीवर होता. इंजिन सुरू झालं, समोर घड्याळाच्या तबकडीएवढा लाल दिवा लागलेला.

"दाब," काका म्हणाले. "हा लाल दिवा विझला की समज वेग आला."

काकूंनी दाबलं. इंजिन गुरगुरलं. त्यांच्या कानात ती दुपार शिरली, काचेची थरथर शिरली, बॉनेटआडून येणारी हाक शिरली. त्यांनी आणखी दाबलं. लाल दिवा विझला. गाडी अंगात आल्यासारखी हलत होती.

काकांनी मूठ फिरवली. खट्ट. तोच भरदार आवाज.

इंजिन चालूच राहिलं.

काकांनी मुठीकडे पाहिलं. ती फिरलेली होती. उलट फिरवली, पुन्हा सुलट. खट्ट, खट्ट. इंजिनाला फरक पडला नाही. काकूंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. त्या चेहऱ्यावर त्यांनी आजवर कधी न पाहिलेली गोष्ट होती. काका घाबरले होते. त्यांनी झुकून किल्ली फिरवली. नेमकी आत्ता किल्लीही ऐकेना.

"पाय उचल," ते म्हणाले. "अगं, पाय उचल."

काकूंनाही तेच करायचं होतं. त्या पायाला सांगत होत्या. पण पाय त्यांचा राहिलाच नव्हता. भीतीने तो लाकडासारखा ताठ होऊन पेडलवर रोवला गेला होता, आणि उचल म्हणावं तेवढा आणखीच दाबला जात होता. आवाज चढत गेला. काकूंना ओरडायचं होतं, पण ओठांतून फक्त देवाचं नाव निघत होतं, तेही आवाज नसलेलं.

मग काका खाली वाकले. डोकं पार स्टिअरिंगच्या दांड्याखाली घालून त्यांनी दोन्ही हातांनी काकूंचा घोटा धरला आणि पाय उचलून बाजूला ठेवला. पेडल वर आलं. नवी स्प्रिंग होती. इंजिनाचा आवाज उतरत उतरत खाली आला, एकदा खोकला, गचकला, आणि आपोआप थांबला.

आवारात इतकी शांतता झाली की इंजिन गार होतानाची टिकटिक ऐकू येऊ लागली. काका तसेच खाली वाकलेले होते, काकूंचा घोटा हातात धरून. त्यांचे हात कापत होते. काकूंच्या पायालाही कंप होता, त्यामुळे कोणाचा कुठला हे कळायला मार्ग नव्हता.

काका उठून बसले. "डायनॅमो," ते हळू आवाजात म्हणाले. "हळू चालते तेव्हा ती बॅटरीवर जगते. तो लाल दिवा तेच सांगतो. वेग आला की डायनॅमो जागा होतो, वीज तोच करतो, मग तिला बॅटरी लागतच नाही. स्वतःचं स्वतः कमावते आणि खाते. मी बॅटरी तोडली काय अन् न तोडली काय. घड्याळ उघडून बसलो असतो तर शेंबड्या पोरालाही कळेल अशी ही गोष्ट मला लगेच दिसली असती. आणि इथे..."

"म्हणजे उतारावर पेडल अडकलं असतं," काकू म्हणाल्या.

काकांनी मागच्या रिकाम्या सीटकडे वळून पाहिलं, आणि काकूंना तेवढंच पुरे झालं. त्यांना रडू आलं. आपणच त्या दिवशी हळू म्हटलं होतं, आपल्याच भीतीने त्यांना फसवलं, असं काहीतरी त्या रडत रडत सांगू लागल्या. काकांनी त्यांना बोलू दिलं नाही. विश्वास मी ठेवला होता, तो भीतीपेक्षा वाईट निघाला, असं म्हणून त्यांनी खिशातला रुमाल पुढे केला. त्याला मेणाचा वास येत होता.

दुकान बंद व्हायच्या आत दोघं तिथे पोचली. दुकानदाराने त्यांचे चेहरे पाहिले आणि म्हणाला की त्या दिवशी माझं वाक्य अर्धं राहिलं, मी मागे धावत यायला हवं होतं. त्याने दुसरा आणि तिसरा खटका फडक्यावर ठेवला. हे दोन्ही कॉइल तोडतात, मग डायनॅमो जागा असो की झोपलेला. इंजिन बंद म्हणजे बंद.

"छोटा स्वस्तात पडेल," तो म्हणाला, "आणि दिसणारही नाही."

काका काकूंकडे वळले. "तू सांग."

आज काकूंनी बोट दाखवलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि उजवा हात पुढे केला. हात अजून थरथरतच होता, आणि त्यांना तसाच हवा होता. त्यांनी चाचपडत छोट्या खटक्याची दांडी शोधली. बोट फडक्यावर आपटलं, मग काउंटरच्या कडेवर, दांडी सापडली तेव्हा नख अडकलं. मग दुसरा. लाल मूठ पहिल्याच झडपेत तळव्यात आली आणि फिरली. खट्ट.

"हा," त्या म्हणाल्या. "घाबरलेल्या हाताला सापडेल तो."

काकांनीही डोळे मिटून हात पुढे केला. त्यांच्या कंप सुटलेल्या बोटांना छोटी दांडी सापडलीच नाही. डोळे उघडून ते ओशाळं हसले आणि दुकानदाराला म्हणाले, "बांध हाच."

घरी आल्यावर त्यांनी डोळ्याला जुनं भिंग लावलं आणि वडिलांच्या हातची ती कापडी वायर बॉनेटखालून हळूच सोडवून बाहेर ओढली. पक्कड हातात घेऊन त्यांनी वायरीवरून एकदा अंगठा फिरवला. काकू दारात होत्या, आज चौकटीला न धरता. काकांनी मान वर केली नाही. वायर कापली, तिची दोन्ही टोकं नव्या वायरीने, पहिल्याच्याच जागी बसवलेल्या खटक्याच्या बारक्या पट्ट्यांपर्यंत नेली, जोडांवर काळी पट्टी गुंडाळली आणि म्हणाले, "चल. भरला ड्रम."

काकूंनी चपला काढल्या. दाबलं. दिवा विझला, गाडी किंचाळली, काकूंनी ओठ घट्ट मिटले. खट्ट. आणि आवाज मध्येच कापल्यासारखा तुटला. काकूंचा पाय मात्र अजून पेडलवर ताठच होता. तो उचलायला या खेपेलाही काकांना वाकावं लागलं.

रविवारी चिमणी आली. आजोबांनी तिला मागे बसवलं, तिच्यासाठी नवा लावलेला पट्टा बांधला, दोनदा ओढून पाहिला. मग तिला परत उतरवलं, कारण त्यांना आठवलं की आज अजून तपासणी झाली नाही. चिमणीने विचारलं की तपासणी कशाला. आजोबा म्हणाले की आजीच्या लॉन्ड्रीत रोज करतात, आणि ते पेडल दाबायला बसले. चिमणी कानांवर हात ठेवून खूश होऊन ओरडत होती. गाडी किंचाळली, खट्ट, थांबली. चिमणी म्हणाली, परत.

काकू शेजारच्या सीटवर बसल्या. भीती गेली नव्हती. ती काय कुठे जाणार होती? पण काल भीतीला करायला काही नव्हतं, आज तिच्या हाताला लाल मूठ होती. शहर मागे पडलं, झाडं सुरू झाली, आणि रस्त्याचं नाक खाली वळलं. काकांनी गिअर बदलला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. समोरचा लाल दिवा विझला. खाली, लांबवर, पूल दिसत होता, काडीएवढा.

काकूंनी डोळे मिटले आणि सकाळी पूर्ण झालेली प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. बोटं मुठीवर.

"आजी," मागून चिमणी म्हणाली, "तू झोपलीस?"

"नाही गं बाळा," काकू म्हणाल्या. "जागीच आहे."